मोटारीचा खरारा

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातल्या गवळी मंडळींच्या म्हशी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना स्वच्छतेचे महत्त्व वेगळे पटवून द्यावयास नको. एरवी शेणामातीत बसणारे ते जनावर त्या दिवशी धुऊन, भादरून, तेल चोपडून, शिंगे रंगवून असे तुकतुकीत निघते की त्याच्या पाठीत पाहून एखाद्याने भांग पाडावा. आषाढात बेंदराला बैलांचा असाच थाट असतो. ज्याच्या जिवावर संसार चालतो त्याला वर्षातून एकदा तरी आपल्या हाताने न्हाऊ घालावे, ही या मातीतली जुनी रीत आहे.

आता शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दारी बैल नाही आणि म्हैसही नाही. त्या जागी बहुतेकांच्या दारी मोटार उभी आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण तिला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे माना उंच करून पाहतात. १९३० च्या दशकातली ती जर्मन मोटार आजही डौलाने मिरवते, याचे कौतुक करीत आपण घरी परततो आणि आपल्या पाच वर्षांच्या मोटारीकडे पाहून मनात म्हणतो, 'हिचा रंग इतक्यातच कसा विटला?'

रंग आपोआप विटत नाही. पुष्कळदा तो आपणच विटवतो, आणि तोही स्वच्छतेच्या नावाखाली, दररोज सकाळी, नियमाने. ते कसे, आणि घरच्या घरी ते कसे टाळावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हल्ली या कामाची स्वतंत्र दुकाने झाली असून त्यांच्या पाट्यांवर 'कार डिटेलिंग' असे लिहिलेले असते. मराठीच्या अध्यापकाला पाटी दिसली की प्रतिशब्द शोधण्याची खोड असतेच. येथे मात्र शोधण्याचे कष्ट नाहीत, कारण शब्द आपल्याकडे आहे : 'खरारा'. पागेतल्या घोड्याला मोतद्दार जो खरारा करीत, त्यात नुसते पाणी ओतणे नव्हते. अंगावरचा चिखल आधी मऊ करून सोडवायचा, मग केसांच्या दिशेने ब्रश फिरवायचा, शेवटी कोरड्या कापडाने अंग चमकवायचे, असा त्याचा क्रम असे. वाळलेला चिखल तसाच घासला तर घोड्याचे कातडे सोलवटते आणि घोडा लाथ घालतो. मोटार लाथ घालीत नाही, म्हणून तिचे हाल आपल्याला कळत नाहीत.

केसापेक्षा पातळ कातडे

मोटारीच्या अंगावर रंग म्हणजे नेमके काय असते, हे आधी पाहू. आपल्याकडचे जुने रंगारी मोटारीच्या रंगाला 'ड्यूको' म्हणतात. हा शब्द म्हणजे एका अमेरिकन रंगाचे नाव. त्यापूर्वीचे रंग वाळावयास दिवसच्या दिवस लागत. १९२३ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचा नवा लॅकर मोटारींसाठी आणला, तो फार लवकर वाळे आणि त्यात तऱ्हेतऱ्हेचे रंग मिळत. त्याच काळात फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' काळ्या रंगातच मिळत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नवलाईचे मोल कळेल. पुढे तो लॅकर मागे पडला, पण नाव आपल्या गॅरेजात राहून गेले.

जुन्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्या ज्यांनी वापरल्या आहेत त्यांना आठवत असेल की पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागत असे. निळ्या गाडीचे फडके निळे, पांढऱ्या गाडीचे पांढरे. तो रंग वरपासून खालपर्यंत एकजीव होता. आजच्या मोटारीचे तसे नाही. पत्र्यावर प्रथम गंजविरोधी अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर बिनरंगी, काचेसारखा पारदर्शक थर असतो. या शेवटच्या थराला 'क्लिअर कोट' म्हणतात. आपण ज्याला चकाकी म्हणतो ती याच थराची.

आता आकडे ऐका. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते, आणि त्यात क्लिअर कोट असतो सुमारे पस्तीस ते पन्नास मायक्रॉन. माणसाचा केस सरासरी सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर मोटारीचे सारे रूप आणि पत्र्याचे बरेचसे संरक्षण अवलंबून आहे, तो आपल्या डोक्यावरच्या एका केसापेक्षा पातळ आहे! आणि तो परत उगवत नाही.

पगारदार माणसाला हे त्याच्याच भाषेत सांगावयाचे तर क्लिअर कोट म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. यंत्राने घासून पॉलिश करणे म्हणजे त्या फंडातून रक्कम काढणे. ओरखडे घालवण्याची रीत अशी की ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच पातळीवर आणायचा. एकदा-दोनदा काढलेली रक्कम खपून जाते. दरवर्षी काढू लागलो तर एक दिवस खाते रिकामे होते, टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे उठतात आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेव्हा खरी बचत पॉलिश करण्यात नसून पॉलिशची पाळी येऊ न देण्यात आहे.

कोल्हापूरचे बिनबोलावलेले पाहुणे

मोटारीवर बसणारी धूळ सगळीकडे सारखीच, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. गावोगावची धूळ वेगळी असते, आणि आमच्या कोल्हापूरची तर खासच.

पहिला पाहुणा लोखंडाचा. हे शहर फौंड्र्यांचे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे लोखंड वितळते, ओतले जाते आणि ग्राइंडरवर घासले जाते. त्या घासण्यात उडालेले कण डोळ्यांना दिसतही नाहीत, पण गरम असताना रंगावर पडले की रुतून बसतात. तेथे जात नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. आपल्याच मोटारीचे ब्रेक दाबले की चकतीचे लोखंड झिजून उडते आणि मागच्या दारावर चिकटते. पावसाचे पाणी लागले की हे कण गंजतात. पांढऱ्या मोटारीच्या मागच्या बाजूला जे बारीक तांबूस ठिपके दिसतात, ते बहुधा हेच.

दुसरा पाहुणा गळिताच्या हंगामात येतो. उसाचा चोथा जाळणाऱ्या धुराड्यांतून आणि पेटवलेल्या फडांतून काळी राख उडते. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर ती जशी उतरते तशीच मोटारीवरही. चिमटीत धरली तर मऊ लागते, पण ओली करून घासली की काळा लेप बसतो.

तिसरी तांबडी धूळ. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेने कोकणात एक फेरी झाली की जांभ्याची धूळ दारांच्या फटीफटींत जाऊन बसते. हिच्यात आणि सर्वच रस्त्यांच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूतले स्फटिक काचेपेक्षा कठीण. मग त्यांच्यापुढे क्लिअर कोटची काय कथा?

चौथा पाहुणा झाडावरचा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली मोटार लावली तर टपावर चिकट थेंबांचा सडा पडतो. हा आंब्याचा चीक नव्हे. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि गोड चिकट द्रव टाकतात, तो हा. पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट. तिच्यातली आम्ले उन्हात तापलेल्या रंगात उतरतात आणि चोवीस तासांत डाग कायमचा होऊ शकतो. या बाबतीत आळस उपयोगाचा नाही. ओले कापड त्या जागी पाच मिनिटे ठेवावे, डाग मऊ झाला की उचलून घ्यावा, पण घासू नये.

पाचवा पाहुणा आपण स्वतः आमंत्रण देऊन आणतो. पूजेची हळद आणि कुंकू रंगावर थेट बोटाने लावले, त्यावर तेल सांडले आणि ते आठवडाभर तसेच राहिले, तर पांढऱ्या मोटारीवर पिवळट-गुलाबी सावली उरते. श्रद्धेला बाध न आणता हे टाळता येते. स्वस्तिक काचेवर काढावे आणि संध्याकाळी पुसून घ्यावे. दिवाळीत फटाक्यांची राख पडते. ती हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून तीही दुसऱ्याच दिवशी धुऊन टाकलेली बरी. धुळीने भरलेल्या मोटारीवर कव्हर मात्र घालू नये. वाऱ्याने कव्हर हलले की आतली धूळ पॉलिशपेपरसारखी काम करते.

दोन बादल्यांचे तत्त्वज्ञान

आमच्या गल्लीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांच्या मोटारीचा रंग काळा. उन्हात पाहिले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळाकार ओरखड्यांची नक्षी उमटलेली दिसते. एके सकाळी त्यांनी मोटार पुसणाऱ्या मामांना बोलावले आणि जरा चढ्या आवाजात विचारले, "मामा, हे तुम्ही काय करून ठेवलंय? रोज पुसता म्हणून पैसे देतो ना मी?"

मामा गल्लीतल्या नऊ मोटारी पुसतात. त्यांनी बादलीतले फडके पिळले आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, बादली तुम्ही एकच देतासा. फडकंबी एकच. मग घाण जाणार कुठं? हितनं उचलायची नि तिथं लावायची."

मोटार धुण्याच्या शास्त्रावर परदेशांत जाड पुस्तके निघाली आहेत. त्या सर्वांचे सार या एका वाक्यात आले आहे. पहिल्या दारावरची वाळू फडक्यात येते, फडके बादलीत बुडते, वाळू पाण्यात जाते आणि तेच पाणी पुढच्या दाराला लागते. शेवटच्या मोटारीपर्यंत ते पाणी राहत नाही, वाळूचे कालवण होते. आणि मोटार ज्या दिवशी नुसती कोरड्या फडक्याने झटकली जाते, त्या दिवशी तर पाण्याचाही आधार नसतो. दररोज झटकून पुसलेली मोटार आठवडाभर तशीच ठेवलेल्या मोटारीपेक्षा लवकर विटते, हे ऐकावयास चमत्कारिक वाटले तरी खरे आहे.

तेव्हा रीत अशी. मोटार सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या पत्र्यावर पाणी आणि साबण जागच्या जागी वाळतात आणि डाग पडतात. बोअरचे पाणी असेल तर जास्तच, कारण त्यातले क्षार चहाच्या पातेल्यात बसतात तसे रंगावरही बसतात. प्रथम नुसते पाणी वरून खाली सोडावे. बागेतली झारी यासाठी फार उत्तम. दोन-तीन झाऱ्यांत सुटी धूळ पुष्कळशी वाहून जाते. वाळलेला चिखल असेल तर त्यावर ओले कापड टाकून दहा मिनिटे वाट पाहावी.

मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत मोटारीचा शाम्पू, दुसरीत निव्वळ पाणी. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. ती तेलकटपणा काढण्यासाठीच केलेली असतात, त्यामुळे रंगावरचे संरक्षक मेणही काढून नेतात. कापड शाम्पूत बुडवावे, एक भाग पुसावा, ते साध्या पाण्याच्या बादलीत चांगले खळबळून पिळावे आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. वाळू दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, ती तेथेच राहू द्यावी. टपापासून सुरुवात करून खाली यावे. दारांचा खालचा भाग सर्वांत घाण, म्हणून तो शेवटी. चाकांचे कापड अगदी वेगळे ठेवावे. स्वयंपाकघरातले फडके आणि फरशीचे फडके आपण वेगळे ठेवतोच ना? तोच नियम.

हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत न्यावा. कापड मायक्रोफायबरचे असावे. त्याचे चिरलेले बारीक तंतू धूळ आपल्या पोटात ओढून घेतात. जुना बनियन किंवा पंचा तिला पृष्ठभागावर फरफटत नेतो, शिवाय शिवणीचे दोरे स्वतःच ओरखडे काढतात. मायक्रोफायबर कापडे धुताना कपडे मऊ करण्याचे द्रावण घालू नये, तंतू बुजतात. शेवटी स्वच्छ पाणी ओतून मोठ्या कोरड्या कापडाने पाणी टिपून घ्यावे. पाणी अंगावर वाळू द्यायचे नाही.

पाण्याचा हिशेब

हे सारे नळी लावून सोपे होईल, असे कोणी म्हणेल. पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावून पाहा, साधारण मिनिटाभरात भरते. म्हणजे वीस मिनिटे नळी सोडली तर तीनशे लिटर पाणी गेले. झारी आणि बादल्यांच्या रीतीने पन्नास-साठ लिटरांत काम उरकते.

कोल्हापूरला पाण्याची काय कमतरता, असेही कोणी म्हणेल. ज्यांनी २०१९ चा ऑगस्ट पाहिला ते असे म्हणणार नाहीत. पंचगंगा शहरात शिरली होती आणि त्याच वेळी घरचे नळ कोरडे पडले होते, कारण पाणी उपसणारी केंद्रेच पुरात बुडाली होती. दारात नदी असताना टँकरपुढे कळशा घेऊन उभे राहावे लागले. पुढे पूर ओसरल्यावर मोटारींवर जो गाळ उरला, तो पुष्कळांनी कोरड्या कापडाने ओरबाडून काढला आणि रंगाची वाट लावली, हेही येथेच नमूद करून ठेवतो. पुराचा गाळ नुसत्या पाण्यानेच उतरवायचा असतो, आणि वाळण्याआधी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. मोटार नदीघाटावर किंवा तळ्याकाठी नेऊन धुऊ नये. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. आपल्या घाटावरून निघालेले पाणी पुढे इचलकरंजीच्या अंगाने वाहत नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली होती. ती काही मोटारी धुतल्याने आली नव्हती, सांडपाण्याने आली होती. पण खालच्या गावाला आपले पाणी प्यावे लागते, एवढे तिने शिकवले. चाकांचे वंगण, ब्रेकची भुकटी आणि साबण त्या पाण्यात आपण आणखी का घालावेत? घरी धुतले तरी गटार जयंती नाल्याला आणि नाला नदीलाच मिळतो, हे खरे. म्हणून साबण बेताचा वापरावा, पाणी थोडे वापरावे, आणि इंजिनाची तेलकट घाण घरी मुळीच धुऊ नये.

माती नव्हे ती 'क्ले'

मोटार धुऊन झाली. आता पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटे हलकेच फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागत होते ते पिशवीतून खरखरीत लागेल. धुण्याने सुटी धूळ गेली, पण रुतलेले लोखंड, राखेचे कण आणि रंगकामाचे उडालेले शिंतोडे तसेच राहिले. ते काढण्याचे साधन म्हणजे 'क्ले'ची वडी.

या वस्तूचा उगम जपानी गॅरेजांतला. १९९५ साली तादाओ कोदाते या जपानी गृहस्थांच्या नावे तिचे अमेरिकेत पेटंट झाले. त्यात तिला लवचीक शाणदगड म्हटले आहे. सुरीला धार लावणारा शाण कठीण असतो, हा मऊ. नावात 'क्ले' असली तरी ती माती नाही. चिकट, लवचीक कृत्रिम राळेत अतिशय बारीक घासणारी पूड मळून ती करतात.

शब्दाचे नुसते भाषांतर करून चालले की काय होते, याचा मासला आमच्या ओळखीच्या एका घरात पाहावयास मिळाला. मोटारीला 'क्ले' लावतात असे चिरंजीवांच्या कानावर आले. घरात गणपतीच्या मूर्तीसाठी आणलेल्या शाडूचा गोळा उरला होता. त्यांनी तो ओला करून दरवाजा मनापासून घासला. तालमीतला पैलवान अंगाला तांबडी माती लावतो त्याच उत्साहाने! माणसाचे कातडे मातीने झिजले तरी भरून येते, मोटारीचे येत नाही. त्या दरवाजाची चमक गेली ती गेलीच. आईने एवढेच विचारले, "अरे, डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला नको का?" पण बिचाऱ्यापुढे डबाच नव्हता.

खरी क्ले वापरण्याची रीत सोपी आहे. मोटारीची बारीक जातीची, म्हणजे 'फाइन' अशी लिहिलेली वडी घ्यावी. तिचे तीन-चार तुकडे करून एक हातात घ्यावा आणि पुरीएवढी चपटी चकती करावी. थंडीत कडक लागली तर कोमट पाण्यात दोन मिनिटे धरावी. एका उशीएवढा भाग निवडून त्यावर क्लेसाठी मिळणारे निसरडे द्रावण भरपूर फवारावे. पुष्कळ कंपन्यांच्या वड्यांना शाम्पूचे पाणीही चालते, तसे वेष्टनावर लिहिलेले असते. कोरड्या रंगावर क्ले कधीही फिरवू नये. रंग आणि वडी यांच्यामध्ये ओलाव्याचा पापुद्रा असला पाहिजे. त्यावरून वडी सरकते आणि वर डोकावणारे कण तेवढे उपटून घेते.

दाब द्यायचा नाही, बोटांचे वजन पुरे. मागे-पुढे, सरळ रेषेत. सुरुवातीला वडी अडखळते आणि बारीक खरखर ऐकू येते. पाच-सहा फेऱ्यांत ती आपोआप सरसर पळू लागते. म्हणजे तो भाग झाला. पुसून घ्यावे आणि चकती उलटून पाहावी. स्वच्छ धुतलेल्या मोटारीवरून निघालेला तो काळा-तपकिरी मळ पाहून घरातली मुले हमखास मदतीला धावतात. मग चकती कणकेसारखी मळून स्वच्छ बाजू वर आणावी आणि पुढचा भाग घ्यावा. सगळ्याच बाजू मळल्या की तुकडा टाकून द्यावा.

येथे एक नियम अगदी कडक आहे. वडी जमिनीवर पडली तर ती उचलून केरात टाकायची. 'एवढी महागाची वस्तू' म्हणून धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह मध्यमवर्गीय मनाला होणारच. पण तिच्यात रुतलेला एक खडा साऱ्या बॉनेटभर रेघा ओढतो. म्हणूनच आख्खी वडी एकदम न घेता तुकडे करावयास सांगितले. पडला तर तुकडाच जाईल.

फौंड्रीच्या परिसरात मोटार रोज उभी राहत असेल तर क्लेच्या आधी लोखंड विरघळवणारे द्रावण फवारावे. ते लोखंडाच्या कणाला लागले की जांभळे ओघळ वाहू लागतात. दृश्य मोठे गमतीचे असते, वास मात्र कुजक्या अंड्याचा. केस कुरळे करण्याच्या औषधातही याच जातीचे रसायन असते. हातमोजे घालावेत, सावलीत काम करावे, ते वाळू देऊ नये आणि तुळशीपासून लांब धुवावे.

क्लेने काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ओरखडे जात नाहीत. नख फिरवून अडकले तर तो ओरखडा खोल आहे, तेथे क्ले व्यर्थ. नुकताच नवा रंग दिलेल्या भागावर रंगाऱ्याला विचारल्याशिवाय ती वापरू नये, आणि चमक नसलेल्या 'मॅट' रंगावर मुळीच नाही. काळ्या मोटारीवर क्लेचे पुसट व्रण कधी कधी उमटतात, म्हणून आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून पाहावे. आणि हे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा. औषध चांगले म्हणून रोज घेत नाहीत.

शेवटचा हात मेणाचा

क्लेने मळाबरोबर जुने मेणही जाते. मोटार उघडी पडते. म्हणून त्याच दिवशी मेण लावणे आवश्यक. यातले नावाजलेले मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा जातीच्या ताडाच्या पानांवरून मिळते. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण, सुमारे ब्याऐंशी अंशांपुढे वितळणारे. अलीकडे कृत्रिम मेणेही निघाली आहेत, ती जास्त दिवस टिकतात. कोणतेही घ्या, पण थर पातळ द्या. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याची मेहनत वाढते. मेण नीट बसले की पाण्याचे थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे उभे राहतात आणि घरंगळून जातात. थेंब पसरू लागले की पुन्हा मेण लावण्याची वेळ झाली असे समजावे.

या साऱ्याला एक सुटीची सकाळ लागते. साहित्याचा खर्च काही शे रुपयांचा, दुकानात गेले तर काही हजारांचा, आणि 'कोटिंग'च्या मोहात पडले तर पाच आकडी. दुकानांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. यंत्राचे पॉलिश करावयाचेच असेल तर ते जाणकाराच्या हातूनच करावे. पण धुणे, क्ले आणि मेण ही तीन कामे ज्याला भांडी विसळता येतात त्याला येतात.

आणि ज्यांच्याकडे सुट्टीची सकाळही नाही, त्यांनी निदान एक करावे. मोटार पुसणाऱ्या मामांना दररोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवावयास सांगावे आणि पैसे मात्र तेवढेच ठेवावेत. त्यांना दुसरी बादली द्यावी, आपल्या मोटारीपुरती चार मायक्रोफायबर कापडे द्यावीत, आणि ती आपल्याच घरी धुऊन वाळत घालावीत. आमच्या गल्लीतल्या बँक अधिकाऱ्यांनी तसे केले. मामा आता त्यांच्या दारी आले की आधी झारी मागतात. बॉनेटवरची जुनी जाळी काही नाहीशी झाली नाही, ती जाणारही नाही. पण त्यानंतर नवी रेघ उमटलेली नाही, आणि या पाडव्याला मामांच्या ओवाळणीच्या पाकिटाबरोबर दुसरी झारी देण्याचेही त्यांच्या घरात ठरले आहे. ती मात्र उरलेल्या आठ मोटारींसाठी.